एप्रिल-मेमधली बाग म्हणजे पाणवठा : पाणी, भाजी आणि दारात येणारे जीव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून जुन्नर तालुक्यात राहायला आलात, घराभोवती पाच गुंठे जागा आहे, दोन बाजूंना ऊस आणि मागे उघडा माळ. फेब्रुवारीपर्यंत बाग छान होती, एप्रिलमध्ये करपली. वेलांना फुलं येतात पण फळ धरत नाही, टोमॅटो बुलबुल फोडतात, मोरीमागे धामण निघाली आणि शेजाऱ्यांनी बांधावर बिबट्याचे ठसे दाखवले. पक्ष्यांना पाणी ठेवायची इच्छा आहे, पण त्यामुळे आणखी जनावरं येतील अशी भीती वाटते. बागेला जाळी मारावी का, हेही विचारलंत.

या सगळ्याचं मूळ एकच आहे. एप्रिल उजाडला की आपल्याकडचे ओढे आटतात, गहू-हरभरा निघून गेलेला असतो, डोंगरउतार पिवळे पडतात. अशा दिवसांत ज्या जागेला रोज पाणी मिळतं, तो पाणवठाच होतो. तुम्ही पक्ष्यांसाठी परळ, म्हणजे पाण्याचं पसरट मातीचं भांडं, ठेवा किंवा ठेवू नका, भाजीला पाणी घातलंत तेव्हाच पाणवठा तयार झाला. ओल्या मातीत गांडूळ आणि किडे आले, त्यांच्यामागे बेडूक आणि सातभाई पक्षी, बेडकामागे धामण. म्हणून जीव यावेत की नाही याचा विचार सोडून द्या. पाणी किती आणि नेमकं कुठे ठेवायचं, हे ठरवणं तुमच्या हातात आहे आणि उन्हाळ्यातली बाग त्यावरच उभी राहते.

आधी पाण्याचा हिशोब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मे महिन्यात उघड्यावरच्या पाण्याची पातळी आपल्या भागात दिवसाला ८ मिलिमीटरच्या आसपास उतरते, वारा सुटला तर त्याहून जास्त. पूर्ण वाढलेल्या भाजीला ५ ते ६ मिलिमीटर धरा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याला रोज पाचशे-सहाशे लिटर. पाच गुंठ्यांना अडीच-तीन हजार. कालव्याचं आवर्तन कधी येईल ते आपल्या हातात नसतं, विहिरीचा तळ एप्रिलमध्येच दिसायला लागतो आणि बोअरवर घर चालवायचं असतं. एवढं पाणी तुमच्याकडे नाही, आणि असलं तरी ते बागेत ओतणं मला बरोबर वाटत नाही. खालच्या वस्तीची विहीरही त्याच झऱ्यांवर आहे.

म्हणून पाचपैकी साडेचार गुंठे उन्हाळ्यापुरते सोडून द्या. भाजी अर्ध्या गुंठ्यात घ्या, घराच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली पडेल. बाकी जागेत शेवगा, हादगा, सीताफळ, आवळा, तुती अशी झाडं लावा. पहिली दोन-तीन वर्षं जगवली की पुढे ती फारसं मागत नाहीत. मोरीचं आणि अंघोळीचं पाणी केळी, कर्दळ आणि अळूच्या खाचरात सोडा. केळीला त्या साबणाचं वावडं नसतं. पालेभाजीला आणि कच्च्या खायच्या काकडीला मात्र हे पाणी कधीच देऊ नका.

अर्ध्या गुंठ्यातलं पाणी आणखी वाचवता येतं, आणि त्यात आच्छादनाइतका दुसरा कशाचाच उपयोग होत नाही. ऊसतोड झाल्यावर आजूबाजूला पाचट पडलेलं असतं, बरेच जण ते पेटवून देतात. शेजाऱ्यांना विचारा, आनंदाने देतील. वीतभर जाडीचा थर वाफ्यांवर पसरा, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. पाचट पसरल्यावर वर माती तापत नाही आणि एक दिवसाआड पाणी पुरतं. वेलांच्या आळ्यात मातीचा जुना माठ गळ्यापर्यंत पुरा. पाझरणारा, साधा भाजलेला माठ हवा, रंग दिलेला नको. तोंडावर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात आणि सरडे-खारी आत पडून मरतात. मुळं त्या ओलीकडे आपोआप येतात. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, आणि भरपूर द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या बोटभर मातीतच राहतात आणि एका दिवसाचा खंड पडला तरी झाड माना टाकतं.

सावलीसाठी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट चालते, पण ती डोक्यावर सात-आठ फूट उंच बांधा आणि पश्चिमेला तुरीच्या काड्यांची ताटी उभी करा. आपल्याकडे करपवणारं ऊन दुपारी दोन ते पाचचं असतं, आणि त्या वेळी ते वरून कमी, पश्चिमेकडून तिरपं जास्त येतं. नुसती वर जाळी टाकून हे अडत नाही.

काय लावायचं ते थोडक्यात सांगते. दोडका, कारली, दुधी, काकडी, भेंडी, गवार यांचं बी जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत टाकायचं असतं, म्हणजे एप्रिलच्या झळा लागायच्या आत वेल मांडवावर गेलेला असतो. आता एप्रिलमध्ये पेरायचंच असेल तर माठ, राजगिरा, अंबाडी, चवळई लावा, महिन्याभरात ताटात येते. जुनी वांगी उपटू नका. वीतभर ठेवून छाटा, शेणखत द्या, ती पुन्हा फुटतात आणि उन्हाळा चांगला काढतात. वेलभाज्यांची पुढची आळी अक्षय्य तृतीयेला घालायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे आणि ती शेतीच्या दृष्टीने पक्की आहे. तेव्हा लावलेला वेल पावसाच्या तोंडावर चांगला रुजलेला असतो. हळद, आलं, सुरणही त्याच सुमारास जमिनीत जातात.

आता न धरणाऱ्या फळांबद्दल. टोमॅटोचं फूल दिवसाच्या पस्तीस अंशांपुढे नीट फळत नाही, परागकणच निकामी होतात. त्यावर औषध नाही, सावली हाच उपाय. नारायणगावच्या बाजारात मे महिन्यात टोमॅटो येतात ते ठिबक, आच्छादन आणि चोख व्यवस्थापनावर येतात. घरच्या चार झाडांकडून तेवढी अपेक्षा धरू नका. वेलवर्गाचं वेगळं आहे. त्यांच्यावर नर फुलं आधी येतात, आणि उष्णता व मोठा दिवस असला की नर फुलांचाच भरणा होतो. मादी फुलाच्या देठाशी बारीक फळाचा आकार असतो, त्यावरून ते ओळखा. दुधीचा मुख्य शेंडा पाच-सहा पानांवर खुडलात की बगलफुटी येतात आणि त्यांवर मादी फुलं जास्त लागतात.

मादी फूल असूनही गळत असेल तर परागीभवन होत नाही. इथे वेळ महत्त्वाची. काकडी, कारली आणि भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, त्यांना सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या पुरतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रीच्या पतंगांवर अवलंबून असतं, दोडकाही संध्याकाळचाच. तुम्ही लिहिलंत की अंगणात रात्रभर मोठा दिवा असतो. पतंग त्या दिव्याभोवती फिरत राहतात आणि वेल तसाच राहतो. दिवा दाराशी, खाली तोंड करून, कमी उजेडाचा लावा. तोवर एक नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवा. दुधीला दिवेलागणीला, भोपळ्याला सकाळी आठच्या आत. फुलोऱ्यात असताना रासायनिक फवारणी अजिबात नको. तुडतुडे-पांढरी माशी वाढलीच तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी मारा. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्या आणि संध्याकाळी वापरा. पुढच्या वर्षासाठी पावसाच्या सुरुवातीला कडुनिंबाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवा.

बुलबुल टोमॅटो फोडतात ते बऱ्याचदा तहानेने. पाणी ठेवल्यावर फळांची नासधूस कमी होते, हा आमच्या मळ्यावरचा दर उन्हाळ्याचा अनुभव आहे. पूर्ण थांबत नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही, त्यामुळे लाल मिरची ते खाणारच. थोडं त्यांना जाऊ द्या. तुतीचं एक झाड लावा आणि शेजारच्या बांधावर उंबर असेल तर तो तोडू देऊ नका, मार्च ते मेमध्ये अर्ध्या परिसराचं पोट उंबरावर चालतं. बुलबुल तुमचे टोमॅटो खातो खरं, पण पिल्लं घरट्यात असली की दिवसभर अळ्या आणि किडे वेचून नेतो. शिंपी पक्षी वांग्याच्या पानांना टाके घालून घरटं करतो, शिंजीर पक्षी अंगणातल्या तारेला किंवा वाळक्या फांदीला कोळिष्टकांची पिशवी टांगतो. छाटणी करण्याआधी प्रत्येक झुडपात एकदा डोकावून बघा. मागच्या माळावर टिटवी ओरडत अंगावर येत असेल तर पावलं जपून टाका. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

पाणी असं ठेवा. पसरट मातीचं परळ, खोली दोन इंचांपेक्षा जास्त नको, आत दोन-तीन खडबडीत दगड, म्हणजे मधमाश्या आणि फुलपाखरं दगडावर बसून पितील, बुडणार नाहीत. चार फूट उंच खांबावर, झाडाच्या सावलीत, पण दाट झुडपापासून आठ-दहा फूट लांब. झुडपाला लागून ठेवलंत तर मांजर दबा धरते. रोज सकाळी जुनं पाणी झाडाला ओता, परळ घासा, ताजं भरा. एवढं करायला जमणार नसेल तर ठेवूच नका. शिळ्या पाण्यातून पक्ष्यांना रोग होतात आणि आठवड्याभरात डासांची पैदास तयार होते. जमिनीवरचं पाणी, म्हणजे मुंगूस, ससा, मोर यांच्यासाठीची डोण, घरापासून शक्य तितकी लांब, कुंपणाच्या टोकाला. घर आणि डोण यांच्या मध्ये मोकळी, झाडलेली जागा असू द्या.

जाळीचं मात्र ठाम सांगते : बारीक नायलॉनची पक्ष्यांची जाळी लावू नका. उन्हाळ्यात या जाळ्यांत साप अडकतात. उंदराच्या मागे धामण जाळीत शिरते, पुढे सरकते, खवल्यांत दोरे रुततात आणि उन्हात मरते. अडकलेला साप सोडवायला गेलेल्या माणसालाही चावा बसतो. त्यापेक्षा पिकायला आलेल्या घडांना जुन्या सुती साडीच्या पिशव्या बांधा. वाफाच झाकायचा असेल तर पांढरं पातळ कापड चौकटीवर ताणून लावा, खाली लोंबता भाग ठेवू नका.

धामणीवर येते. पिवळट किंवा तपकिरी, सात-आठ फुटांपर्यंत, लांब निमुळती शेपटी, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. ती बिनविषारी आहे आणि उंदरांचा फडशा पाडते. ती मोरीमागे आली कारण तिथे ओल, बेडूक आणि घुशींची बिळं आहेत. तिला हाकलून काही साधत नाही. मोरीचं पाणी बंद पाइपने केळीपर्यंत न्या, भिंतीलगतची बिळं बुजवा, पाचट आणि सरपणाचा ढीग घरापासून वीस-पंचवीस फूट लांब ठेवा. ज्या जागेत धामण येते तिथेच नाग, घोणस, मण्यारही येऊ शकतात, हे लक्षात ठेवून वागायचं. घोणस ओळखायला शिका : आखूड, जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपक्यांचे तीन पट्टे, डोकं त्रिकोणी, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. ती माणसाची चाहूल लागली तरी हलत नाही, म्हणून काठी आपटत चालल्याने धोका टळत नाही. अंधार पडल्यावर हातात बॅटरी आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट, पाण्याची मोटार चालू करायला दोन पावलं जायचं असलं तरी. पाचटात हात घालायच्या आधी ते लांब दांड्याने उलटवा. उकाड्यामुळे अंगणात झोपत असाल तर बाज आणि चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी हवीच. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज येत नाही, दुखतही नाही, आणि पहाटे पापण्या जड होतात तेव्हा कळतं.

कुणालाही चावा झाला तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता, १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालयात. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ते असतं, याची चौकशी याच आठवड्यात करा आणि नंबर दारामागे लिहून ठेवा.

उन्हाळ्यात विंचूही बाहेर पडतात, विशेषतः वळीव झाल्यावर. विटा, कुंड्या, दगड उचलताना जाड हातमोजे घाला, बूट झटकून घाला. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतणारा असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरायचा मार्ग दाखवला आणि कोकणात असंख्य जीव वाचले. मूल घामाघूम झालं, हातपाय गार पडले किंवा उलट्या झाल्या तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठा.

बिबट्याला तुमच्या भाजीत रस नाही. तो उसात राहतो, कारण तिथे आडोसा आहे, आणि वस्तीवर येतो कुत्री, शेळ्या, कोंबड्यांसाठी. ऊस तोडला की आडोसा जातो आणि काही दिवस त्याची हालचाल वाढते, शेजाऱ्यांनी ठसे दाखवले ते त्यामुळेच असावेत. घराच्या भिंतीपासून वीस फुटांपर्यंत गवत-झुडूप ठेवू नका, दाट कुंपण त्यापलीकडे. कुत्रं रात्री बाहेर बांधू नका. शेळ्या असतील तर गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी, नुसती भिंत तो सहज चढतो. संध्याकाळी सहानंतर मुलांना बागेत एकटं पाठवू नका, आणि बाग निंदायचं, वाकून-बसून करायचं काम उजेडातच उरका. बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. अंगणातल्या मोठ्या दिव्याबद्दल मी वर बोलले, पण दार ते गोठा या वाटेवर माणसाची हालचाल होताच लागणारा दिवा जरूर बसवा. तो पतंगांनाही त्रास देत नाही.

शेजारी म्हणतील, पिंजरा लावून दुसरीकडे सोडा. २००१ ते २००३ मध्ये याच जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले होते, आणि पकडलेले बिबटे लांबच्या जंगलात नेऊन सोडण्याचा त्या वाढीशी संबंध होता, हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासातून मांडलं. अनोळखी जागी सोडलेला, घाबरलेला बिबट्या जास्त धोक्याचा ठरतो. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वनखात्याने हालचाल करायलाच हवी आणि आपण त्यासाठी आग्रह धरायलाच हवा. पण नुसते ठसे दिसले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, वस्तीवर सगळ्यांना सांगा आणि वर लिहिलेली खबरदारी घ्या. उसात पिल्लं दिसली तर हात न लावता, फोटोसाठी गर्दी न करता मागे फिरा. आई बहुतेक वेळा रात्री परत येऊन त्यांना हलवते.

तुमच्या विहिरीला कठडा नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. बागेचं सगळं बाजूला ठेवा आणि ते काम आधी करा. तहानलेली जनावरं, ससे, कोल्हे, रानमांजरं आणि बिबटेही, अशा विहिरींत पडतात, आणि तुमच्या घरात तर लहान मूल आहे. तीन फूट उंच पक्का कठडा आणि वर लोखंडी जाळी. शेततळं केलंत तर प्लॅस्टिकच्या कागदावरून पडलेल्याला वर येता येत नाही. चारही कोपऱ्यांत गाठी मारलेले जाड दोर किंवा जुन्या टायरच्या माळा पाण्यापर्यंत सोडा आणि भोवती कुंपण घाला.

मागच्या माळाच्या कडेने दहा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून साफ ठेवा. वणवा लागला तर तुमचं पाचट आणि शेडनेट पहिल्यांदा पेटेल. बांध मात्र पेटवू नका, टिटवीची अंडी आणि सशाची पिल्लं त्याच गवतात असतात.

रोहिणी लागल्या, म्हणजे २५ मेच्या सुमारास, की वळवाबरोबर वावटळ आणि गारा येतात. तोवर शेडनेट उतरवून घडी करून ठेवा, मांडवाचे खांब पुन्हा ठोका आणि खोडाजवळचं पाचट आणखी थोडं मागे सारा, नाहीतर पहिल्या सलग पावसात मानकूज येते, म्हणजे खोड जमिनीलगत कुजतं. पुरलेले माठ तसेच राहू द्या, फक्त तोंडं घट्ट झाका. कठड्याला किती खर्च येईल ते गवंड्याला विचारून मला कळवा, वस्तीवरच्या चार विहिरींचं काम एकत्र काढलं तर स्वस्त पडेल आणि त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्जही एकत्र देता येईल.